कोर्टात उतरायचं आणि गाडी बदलायची

"मी कोर्टात उतरलोय," अण्णांचा फोन आला. "आता वर किती जायचं?"

सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. मी कोथरूडच्या घरी कुकर लावून, मोबाइल हातातच धरून बसले होते. अण्णा, माझे वडील, पंच्याहत्तरी ओलांडलेले. गुडघे दुखतात, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. पिंपरीच्या संत तुकाराम नगरहून पुण्याच्या मेट्रोनं, कोर्टाच्या स्टेशनात गाडी बदलून, माझ्याकडे एकटे यायची त्यांची ती पहिलीच वेळ. "सरकत्या जिन्यानं वर येत राहा," मी म्हटलं. "जमीन लागली तरी थांबू नका, अजून वर. वनाजची पाटी दिसली की त्या बाजूच्या फलाटावर उभे राहा." ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. पुढची वीस-पंचवीस मिनिटं मी घड्याळाकडे बघत काढली. आनंदनगर स्टेशनच्या जिन्याखाली जाऊन उभी राहिले. पांढरा सदरा, खांद्याला शबनम आणि हातात माझ्यासाठी आणलेली चिक्कूची पिशवी, असे अण्णा जिना उतरताना दिसले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

आमच्या घरात "कोर्टात" या शब्दाला चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमचं घर मात्र त्याच पायरीवर चाललं. अण्णा वकील नव्हते, कारकूनही नव्हते. शिवाजीनगरच्या कोर्टाच्या आवारात, कडुलिंबाच्या सावलीत त्यांचं एक टेबल होतं आणि टेबलावर मराठी टाइपरायटर. प्रतिज्ञापत्रं, नोटिसा, भाडेकरार, वाटणीपत्रं. हिरव्या लेजर कागदावर, खाली कार्बन घालून, एका वेळी चार प्रती. चौथी प्रतसुद्धा वाचता यायला हवी, म्हणून बोटं जोरात आपटायची. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या बोटांच्या टोकांना कार्बनचा जांभळा डाग असायचा. साबणानं जायचा नाही, मग आई लिंबाची साल घासून काढायची. सुट्टीच्या दिवशी तोच टाइपरायटर घरी येई आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने, रॉकेलचा बोळा फिरवून, एकेक अक्षर स्वच्छ करायचं काम माझ्याकडे असे. 'क्ष' आणि 'ज्ञ'मध्ये सगळ्यात जास्त मळ साचतो, हे मला सातव्या वर्षी ठाऊक होतं.

कोर्टाच्या जवळच सरकारी धान्य गोदामं होती. अण्णांबरोबर मी कधीमधी जायची, तेव्हा ट्रकमधून पोती उतरताना दिसायची, रस्त्यावर गहू सांडलेला आणि त्यावर पारव्यांचे थवे. अण्णा डबा खाऊन झाला की उरलेली चतकोर पोळी त्या पारव्यांना घालायचे. त्याच गोदामांच्या जागेवर आज मेट्रोचं जिल्हा न्यायालय स्टेशन उभं आहे. पाटीवर 'जिल्हा न्यायालय' लिहिलंय, पण सगळे 'सिव्हिल कोर्ट' म्हणतात, आणि अण्णांसारखे जुने लोक नुसतंच 'कोर्ट'.

पुण्याच्या प्रवासाबद्दल बोलायचं, तर आधी 'डायरेक्ट' या शब्दाबद्दल बोलायला हवं. "डायरेक्ट बस आहे का हो?" हा प्रश्न इथे पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला. बस कितीही भरलेली असो, कितीही वळसा घेवो, डायरेक्ट असेल तर माणूस तीच धरणार, कारण बदलायची म्हटलं की मनात धस्स व्हायचं. मनपाला उतरा, तिथे दुसरी बस कधी येईल याचा नेम नाही, आली तर ती थांब्यावर थांबेल याचा नेम नाही. हातात पिशव्या, कडेवर पोर, आणि धावत धावत नंबर वाचायचा. त्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्या बससेवाही कित्येक वर्षं वेगवेगळ्या होत्या, इकडची पीएमटी आणि तिकडची पीसीएमटी. दोन्ही एक होऊन पीएमपीएमएल झाली ती 2007 साली. माझं लग्न होऊन मी कोथरूडला आले, तेव्हा आईनं विचारलेला पहिला प्रश्न जावयाच्या पगाराचा नव्हता. "पिंपरीहून कोथरूडला डायरेक्ट बस आहे का?" असं तिनं विचारलं होतं.

अण्णा स्वतः लोकलनं जायचे. पुणे-लोणावळा लोकल 1978 साली सुरू झाली, त्याआधी ते बसनं जात. लोकलनं पिंपरी ते शिवाजीनगर, आणि तिथून चालत कोर्ट. पण या लोकलचं गणित मुंबईसारखं नाही. एक चुकली की पुढचीची वाट बघण्यात अर्धा-पाऊण तास, कधी तासभर जाणार. त्यामुळे अण्णा सदैव धावत असत. आमच्या घरातलं घड्याळ सात मिनिटं पुढे लावलेलं असे, ते केवळ लोकलपायी. संध्याकाळी शिवाजीनगरला गाडी चुकली की घरी यायला रात्र व्हायची, आणि आई दाराशी उभी. गाडी चुकणं म्हणजे केवढा अनर्थ, हे मी त्या दारात शिकले.

मेट्रोची पायाभरणी झाली 24 डिसेंबर 2016 रोजी. मग पाच-सहा वर्षं पत्रे, खड्डे, वळवलेले रस्ते. कर्वे रस्त्यावर त्या काळात ज्यांनी रोज ये-जा केली, त्यांनाच ते दिवस कळतील. 6 मार्च 2022 रोजी पहिल्यांदा गाड्या सुरू झाल्या, तेव्हा त्यांचे दोन तुकडे होते. एक पिंपरीकडे, पीसीएमसी ते फुगेवाडी. दुसरा इकडे, वनाज ते गरवारे कॉलेज. मधे सगळं शहर. मी माझ्या भाच्यांना घेऊन वनाजहून गरवारेला गेले आणि त्याच गाडीनं परत आले. डब्यात सगळे आमच्यासारखेच हौशी होते, आजी-आजोबा, नवे कपडे घातलेली मुलं, खिडकीतून फोटो. छान वाटलं, खोटं कशाला सांगू. पण तिकडे अण्णाही त्याच आठवड्यात फुगेवाडीपर्यंत जाऊन परत आले होते. आम्ही दोघांनी एकाच मेट्रोतून प्रवास केला होता आणि एकमेकांपर्यंत पोहोचलो नव्हतो.

ते घडलं 1 ऑगस्ट 2023 रोजी, टिळक पुण्यतिथीच्या दिवशी. फुगेवाडीची गाडी शिवाजीनगरवरून कोर्टापर्यंत आली, गरवारेची गाडी कोर्टावरून पुढे रुबी हॉलपर्यंत गेली. दोन ओळी एका जागी एकमेकींना छेदल्या आणि त्या दिवसापासून नकाशा नकाशासारखा दिसू लागला. मला विचाराल तर पुण्याची मेट्रो खऱ्या अर्थानं त्या दिवशी सुरू झाली.

दोन्ही मार्ग तिथे असे का भेटतात, हे कळलं की त्या स्टेशनची गंमत जास्त कळते. पिंपरीहून येणारी जांभळी ओळ जुन्या मुंबई रस्त्यावरून खांबांवर येते, पण पुढे तिला जायचं असतं कसब्यातून, मंडईवरून स्वारगेटला. तिथे खांब रोवायला जागाच नाही. वाडे, बोळ, अंगाला अंग लावून उभी घरं. म्हणून कृषी महाविद्यालयाच्या बाजूला ती जमिनीखाली शिरते आणि स्वारगेटपर्यंत साधारण सहा किलोमीटर खालूनच जाते, वाटेत मुठेच्या पात्राखालूनसुद्धा. बोगदा खणणाऱ्या यंत्रांची नावं मुळा, मुठा आणि पवना. काळ्या पाषाणातून त्यांनी वाट काढली आणि जून 2022 मध्ये कसब्यात शेवटचा खडक फुटून बोगद्याचं खोदकाम पुरं झालं. माझ्या मामाचं घर कसब्यात आहे. त्या दिवसांत मामी रात्री भांड्यांच्या फळीकडे कान लावून असायची, भांडी वाजतात का ते ऐकत. वाजली नाहीत.

दुसरी ओळ वनाजहून येणारी, नकाशावर फिकट निळी. ती सगळीच्या सगळी उंचावरून जाते. कोथरूडचा जुना कचरा डेपो होता ना, ज्याच्या वासानं पौड रस्त्याकडची खिडकी उघडवत नसे, तिथे आता या ओळीच्या गाड्यांचा डेपो आहे. नळस्टॉपला खाली पूल आणि वर मेट्रो असा दुमजली थाट. डेक्कन आणि संभाजी उद्यान या स्टेशनांची छपरं मावळ्यांच्या पगडीसारखी. मग मुठेच्या कडेकडेनं महापालिकेवरून ती कोर्टाशी येते. म्हणजे एक ओळ पाताळातून आणि दुसरी आभाळातून. कोर्टाच्या स्टेशनाला या दोघींची गाठ घालून द्यायची होती.

खालचा फलाट जमिनीपासून सुमारे 33 मीटर खोल आहे. देशातल्या सगळ्यात खोल मेट्रो स्टेशनांमध्ये त्याची गणना होते. दहा-अकरा मजली इमारत उलटी करून जमिनीत पुरावी, तेवढं. इतक्या खोल जायचं म्हटलं की मनात अंधार येतो, कोंदटपणा येतो. मी पहिल्यांदा उतरले ती थोडी धास्तावूनच. आणि खाली फलाटावर पोहोचून मान वर केली, तर ऊन. खरंखुरं ऊन. वरचं छत असं बांधलंय की दिवसाचा उजेड सगळे मजले ओलांडून थेट तळाशी येतो. सकाळी त्याची तिरपी पट्टी फरशीवर पडलेली असते आणि लोक नकळत त्या पट्टीत उभे राहतात, थंडीत अंगणात उभे राहावेत तसे. वरून सरकत्या जिन्यांच्या रांगा एकाखाली एक उतरत येताना दिसतात आणि त्यांवरची माणसं हलत नसूनही हलतात. सरकारी कामात असा उजेडाचा विचार कुणीतरी केला, कागदावर आखला, कुणीतरी तो मंजूर केला आणि कुणीतरी तो बांधून पुरा केला. त्या सगळ्या अनोळखी माणसांबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

या जागेची एक दुसरी बाजूही आहे आणि ती मला विसरायची नाही. कोर्टाजवळ कामगार पुतळ्याची वस्ती होती. अण्णांना चहा आणून देणारा पोऱ्या तिथलाच. पुढे तो मोठा झाला, त्याची स्वतःची टपरी झाली, त्याच्या मुलीच्या बारशाला आम्ही गेलो होतो. मेट्रोसाठी ती वस्ती उठली आणि माणसं दूरच्या इमारतींमध्ये गेली. पक्की घरं मिळणं मोठंच, पण जिथे माणसाचं काम, गिऱ्हाईक आणि ओळख होती, तिथून ती घरं लांब पडली. मी त्या उन्हाच्या पट्टीत उभी असते तेव्हा त्या टपरीची आठवण येते. ज्यांनी जागा सोडली त्यांना या मेट्रोचा सगळ्यात आधी उपयोग व्हावा, असं मला फार वाटतं.

अण्णांना पहिल्यांदा मीच बरोबर घेऊन गेले होते, एकटे यायच्या आधी. सरकत्या जिन्याची त्यांना धास्ती. घाटाच्या शेवटच्या ओल्या पायरीवर माणूस पाय टाकताना थबकतो ना, तसे ते थबकले. पट्ट्या एकामागून एक त्यांच्या चपलेपुढून निघून जात होत्या. मागे लोक थांबले, पण कुणी ढकललं नाही, कुणी च्‌ च्‌ केलं नाही. "लिफ्ट आहे अण्णा," मी म्हटलं. "असू दे," ते म्हणाले, आणि टाइपरायटरच्या कळीवर बोट आपटावं तसं नेमकं पाऊल पट्टीच्या मधोमध टाकलं. एकदा जमलं. मग पुढच्या प्रत्येक जिन्यावर ते माझ्या आधी चढले.

मधल्या मजल्यावर एक आजी उभ्या होत्या. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल. जुन्नरकडून आल्या होत्या, नातू बरोबर होता, तोही बावरलेला. "कोर्टाकडं कुठनं जायचं?" अण्णा थांबले. कुठल्या बाजूनं बाहेर पडायचं ते सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "प्रतिज्ञापत्र आहे का?" आजींनी फाइल उघडली. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून, कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला. बोट शेवटच्या ओळीवर गेलं. "इथे अंगठा घेतलाय, पण ओळखणाऱ्याची सही राहिलीय. आत जायच्या आधी वकिलांना दाखवा." आजी हो हो म्हणत निघून गेल्या. अण्णा बराच वेळ त्या दिशेला बघत होते. कॉम्प्युटर आल्यावर टेबल बंद करून घरी बसलेल्या माणसाला कित्येक वर्षांनी कुणीतरी कागद दाखवला होता.

त्या मधल्या मजल्यावर उभं राहून बघावं असं खूप काही असतं. गळ्यात पांढरे बँड बांधलेले वकील. पाठीला सॅक लावलेली इंजिनिअरिंगची मुलं. पुणे स्टेशनला गाडी पकडायला निघालेलं कुटुंब, चाकांच्या बॅगा आणि पोत्यात बांधलेले तांदूळ. भोसरीच्या कारखान्यातून पहिली पाळी संपवून आलेली मुलगी, भिंतीला टेकून डोळे मिटलेली. यातलं कुणीही तिथे मुक्कामाला आलेलं नसतं. वरून खाली, खालून वर. पुन्हा तिकीट काढायचं नाही, ऊन-पाऊस लागत नाही, रस्ता ओलांडायचा नाही. आणि गर्दीच्या वेळी गाडी सहा-सात मिनिटांनी, एरवी दहा मिनिटांनी येणार हे माहीत असतं. गाडी बदलण्याची पुणेकराची भीती गेली ती या मिनिटांमुळे. माझ्या शेजारच्या काकू परवा कुणालातरी सांगत होत्या, "अहो, डायरेक्ट नाहीये, पण कोर्टात बदलायची, काही नाही त्यात." 'काही नाही त्यात' हे तीन शब्द पुण्यात प्रवासाबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले.

29 सप्टेंबर 2024 पासून गाडी कोर्टावरून पुढे कसबा पेठ, मंडई, स्वारगेटपर्यंत जाते. सगळं मिळून सुमारे 33 किलोमीटर झालं. 1886 साली उभ्या राहिलेल्या मंडईच्या त्या अष्टकोनी इमारतीशी जमिनीखालून बाहेर यायचं, हे मला अजूनही नवल वाटतं. 2025 च्या विसर्जनाला मेट्रो रात्रभर चालू होती आणि मानाचे गणपती बघायला पिंपरीहून माणसांचे लोंढे आले. पूर्वी तिकडची मंडळी "गणपती बघायला पुण्याला जाऊ" म्हणायची, परगावी निघाल्यासारखी.

अजून पुष्कळ व्हायचं आहे. निगडीकडे, कात्रजकडे, चांदणी चौकाकडे आणि वाघोलीकडे या ओळी लांबणार आहेत. माण-हिंजवडीहून येणारी 23 स्टेशनांची तिसरी ओळही कोर्टाशीच येऊन टेकायची आहे. मला काळजी किलोमीटरची नाही, गाठींची आहे. शिवाजीनगरचं एसटी स्थानक मेट्रोच्या कामासाठी 2019 च्या अखेरीस वाकडेवाडीला हललं. नाशिकहून एसटीनं येणारा माणूस तिथे उतरतो आणि मेट्रोपर्यंत यायला रिक्षा शोधतो. रेल्वे, एसटी आणि मेट्रो शिवाजीनगरला एका छताखाली याव्यात, म्हातारा माणूस पिशवी घेऊन एकातून दुसरीत चालत जाऊ शकावा. स्टेशनबाहेर पदपथ असावा आणि तो मोकळा असावा. एवढं झालं तर बाकीचं आपोआप होईल.

आता अण्णा महिन्यातून दोनदा येतात. कधी चिक्कू, कधी शेवग्याच्या शेंगा, कधी नुसतेच. शनिवार-रविवारी तिकिटात सवलत असते म्हणून शनिवारच धरतात. निघताना फोन करतात, पण कोर्टातून करायचे ते बंद झालंय. परत जाताना मी त्यांच्याबरोबर कोर्टापर्यंत जाते, खाली फलाटावर सोडते आणि मग मागे फिरते.

मागच्या शनिवारी आम्ही असेच खाली उतरलो. पिंपरीची गाडी फलाटाला लागलेली होती, दारं उघडी. सवयीनं मी त्यांचा हात धरला आणि पावलं उचलली. "चला अण्णा, मिळेल." ते जागचे हलले नाहीत. बाकावर बसले, शबनम मांडीवर घेतली. उजेडाची पट्टी त्यांच्या पायाशी होती. त्यांनी मान वर केली आणि कुठे काय असेल याचा हिशेब बोटानं हवेत मांडला. गोदामाचा दरवाजा साधारण इथे, पारवे इथे, आणि पलीकडे, भिंतीच्या त्या अंगाला, आपलं झाड.

दारं मिटली. गाडी निघाली.

"जाऊ दे गं," अण्णा म्हणाले. "येईल दुसरी."